वाचकांचे प्रश्न: छातीतली गाठ, पू आणि न भरणारी जखम, हा टीबी की कॅन्सर की तिसरंच काही?

मागच्या अंकात अंगावर पाजणाऱ्या आयांना होणाऱ्या साध्या मॅस्टायटिसबद्दल लिहिलं होतं, दूध साठतं, छाती लाल होते, ठणकते, हुडहुडी भरून ताप येतो आणि अँटिबायोटिकने आठवडा-दहा दिवसांत उतरतं, तो. त्यावर बरीच पत्रं आली आणि त्यातल्या काहींमध्ये एकच तक्रार होती, की आमचं अँटिबायोटिकने उतरलंच नाही. म्हणून या वेळचं सदर त्या न उतरणाऱ्या सुजेसाठीच ठेवलंय. पत्रं थोडी कापून छापतेय, नावं कुणाचीच देत नाही.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर मॅडम. माझं वय ३३, मुलगा तीन वर्षांचा आहे, अंगावरचं दूध बंद करून दीड वर्ष झालं. पावसाळ्यात डाव्या छातीत गाठ लागली, मग ती लाल झाली, दुखायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी तीन वेळा वेगवेगळी अँटिबायोटिक दिली, फरक नाही. मग तालुक्याला चीर देऊन पू काढला, त्याच्या कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही असा रिपोर्ट आला. ती जखम अजून भरली नाहीये आणि बाजूलाच दुसरीकडे फुटलंय. आता बायोप्सी केली तर त्यात ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन लिहिलंय, डॉक्टर म्हणाले टीबी आहे, सहा महिने औषधं घ्या. दुसऱ्या एकांनी गाठ बघून कॅन्सरची शंका काढली होती, तेव्हापासून झोप नाही. मधे नडगीवर लाल दुखऱ्या गाठी आल्या होत्या, घोटेही सुजले होते. सासूबाई म्हणतात दूध एकदम तोडलंस म्हणून झालं. औषधं आणून ठेवलीत, सुरू करू का? आणि छाती काढावी लागेल का? – सांगली जिल्हा

उत्तर: ताई, ज्या भीतीने झोप उडालीय तिचं आधी बोलू. बायोप्सीत कॅन्सरच्या पेशी दिसलेल्या नाहीत. सुईने तुकडा नेमका गाठीतूनच घेतला असेल, म्हणजे सोनोग्राफीत बघून घेतला असेल, तर या रिपोर्टवर बऱ्यापैकी विसंबता येतं. ज्या डॉक्टरांनी शंका काढली त्यांचंही चुकलं नाही, कारण ही गाठ हाताला कडक लागते, कडा वेड्यावाकड्या असतात, काखेतही गाठी लागू शकतात, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर बायरॅड्स ४ असा, म्हणजे संशयाची पातळी सांगणारा, शेरा येतो आणि तो वाचून घरातलं सगळ्यांचंच अवसान गळतं. त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच की तुकडा तपासा. तो तुमचा तपासून झालाय.

आता टीबी. ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन, म्हणजे पेशींचे बारीक पुंजके (ग्रॅन्युलोमा) बनणारी सूज, हे सुजेच्या एका प्रकाराचं वर्णन आहे, आजाराचं नाव नाही. अशी सूज टीबीने येते, काही बुरशींनी येते, सार्कॉइडोसिस नावाच्या आजारात येते, आणि तुमचं वय, मूल तीन वर्षांचं, एकच बाजू, कल्चर कोरं, एकीकडे भरेना तोवर दुसरीकडे फुटणं, हे सगळं बघता मला ज्याचा पहिला संशय येतो त्या इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसमध्येही येते. या आजाराचं ठोस कारण सापडलेलं नाही. केसलर आणि वोलॉक या दोघांनी १९७२ मध्ये तो पहिल्यांदा वेगळा नोंदवला, त्याआधी अशा बायकांना टीबी नाहीतर कॅन्सर समजूनच उपचार होत असणार. तुर्कस्तान, इराण आणि आपल्याकडून याच्या बऱ्याच केसेस नोंदल्या गेल्यात, तरी एकूणात आजार दुर्मीळच, त्यामुळे एखाद्या जनरल सर्जनने तो फारसा पाहिलेला नसणं साहजिक आहे. आपल्याकडे टीबी घरोघरी माहितीचा, म्हणून रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा दिसला की हात आधी टीबीच्या गोळ्यांकडे जातो.

पण माझं म्हणणं असं की आधी नाव पक्कं करा, मग औषध. कारण दोन्हीकडे उपचार उलटे आहेत. टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरतो, आणि टीबी नसताना सहा महिने टीबीची औषधं दिली तर लिव्हरला ताप होतो, वेळ जातो आणि बाई खचून जाते. यात अजून एक गोम आहे जी डॉक्टरांनाही फसवते. हा ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस बऱ्याच जणींत काही महिन्यांत आपला आपण ओसरतो, शिवाय टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन या आजारात सापडणाऱ्या एका जंतूवरही चालतं, त्यामुळे सहा महिन्यांनी बरं वाटलं की सगळे म्हणतात बघा टीबीच होता, आणि मग पुन्हा उठलं की परत टीबीचीच औषधं.

तर करायचं काय. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात, तो लॅबकडे जपून ठेवलेला असतो आणि तो आणि त्यापासून बनवलेल्या काचा, म्हणजे स्लाइड, तुम्हाला मागता येतात, अर्ज करून आणि सही करून मिळतात. त्या घेऊन मेडिकल कॉलेजच्या किंवा ब्रेस्टचं काम बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे दुसरं मत घ्या, पुन्हा सुई टोचायची गरज पडत नाही. त्यांना विचारा, ग्रॅन्युलोमा दुधाच्या ग्रंथींच्या गुच्छांभोवती, म्हणजे लोब्यूलभोवती आहेत का, मधे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आणि बारीक पूचे कप्पे आहेत का, केसिएशन म्हणजे टीबीत दिसणारा चिजासारखा मेलेला भाग आहे का, आणि टीबीच्या व बुरशीच्या जंतूंसाठी वेगळे रंग लावून बघितलं का. लोब्यूलभोवती ग्रॅन्युलोमा, केसिएशन नाही, रंगात जंतू नाहीत, असं उत्तर आलं की पारडं या आजाराकडे झुकतं.

त्याच्या जोडीला सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, आणि टीबी कल्चर. इथे एक बारीक गोष्ट आहे जी तपासणीच्या टेबलावरच निसटते. बायोप्सीचा तुकडा सवयीने फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात, फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग त्यावर कल्चर लावता येत नाही. म्हणून पुन्हा तुकडा किंवा पू घ्यायची वेळ आलीच तर आधीच सांगा, दोन बाटल्या करा, एक फॉर्मालिनची आणि एक साध्या सलाइनची, सलाइनमधला तुकडा सीबीनॅट आणि कल्चरला. कल्चरला कधी सहा आठवडे लागतात, तेवढं थांबावं लागतं. छातीचा एक्स-रे काढा आणि घरात कुणाला टीबी झाला होता का तेही डॉक्टरांना सांगा. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी शंभर टक्के नाही असंही म्हणता येत नाही, हे सगळं एकत्र ठेवूनच ठरतं. नडगीच्या गाठींवरून निकाल लागत नाही कारण त्या, एरिथेमा नोडोसम म्हणतात त्यांना, टीबीतही येतात आणि या आजारातही, घोटे सुजणंही त्यातलंच. पण हे आठवणीने सांगितलंत ते फार बरं केलंत, छातीच्या डॉक्टरांना पाय दाखवायचं कुणाच्या मनात येत नाही.

म्हणजे आणलेल्या गोळ्यांचं काय, तर मनाने सुरूही करू नका आणि फेकूनही देऊ नका, वरचे प्रश्न घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा. टीबीचा खरा पुरावा निघाला तर औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात आणि मग मात्र एकही दिवस न चुकवता कोर्स पुरा करायचा.

अजून एक तपासणी बहुतेक ठिकाणी राहून जाते, प्रोलॅक्टिन. हे दूध आणणारं हार्मोन काही जणींत वाढलेलं असतं, कधी मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतल्या छोट्या गाठीमुळे, तर कधी औषधामुळे. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी बघा, तिच्या पाकिटावर डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड हे नाव जोडीला आहे का. ही दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात आणि आपल्याकडे लोक ती महिनोन् महिने दुकानातून आणून घेतात. मानसिक आजाराच्या रिस्पेरिडोननेही वाढतं, पण ते औषध मनाने बंद करायचं नाही, मानसोपचार डॉक्टर बदलून देतात.

हा आजारच ठरला तर उपचार एकच एक नाही. गाठ लहान असेल, दुखणं कमी असेल तर नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचार आहे, काही महिने ते वर्ष-दीड वर्ष लागतं पण बसतं. पू साठला तर सोनोग्राफीत बघून सुईने ओढायचा, पुन्हा पुन्हा चिरा देऊ नयेत, प्रत्येक चिरेची वाट उघडी राहायची भीती असते, तुम्ही ते सोसताच आहात. सूज जास्त असेल तर प्रेडनिसोलोन, साधारण वजनाच्या किलोमागे अर्धा मिलीग्रॅम रोज, म्हणजे साठ किलोच्या बाईला तीसेक मिलीग्रॅम, आणि मग आठवड्यांनी हळूहळू उतरवत न्यायचं. त्याआधी टीबी बाद केलेला हवा, शुगर, बीपी आणि हिपॅटायटिस बी बघितलेलं हवं. चेहरा सुजतो, भूक वाढते, झोप उडते, तरी ते एकदम बंद करायचं नाही, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. हल्ली गाठीतच स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन वरून मलम लावायची पद्धतही चांगली चालते, त्यात पोटात जाणाऱ्या औषधाचा त्रास वाचतो. स्टेरॉइड उतरवलं की परत उठतं अशा जणींना मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती शांत करणारं औषध देतात.

छाती काढायची गरज या आजारात जवळजवळ कधीच येत नाही. कुणी सुरुवातीलाच तसं सुचवलं तर सही करू नका, दुसरं मत घ्या. आणि सासूबाईंना माझ्याकडून सांगा, दूध हळू तोडलं काय किंवा एकदम तोडलं काय, यात सुनेचा काहीही दोष नाही. दूध नळ्यांतून आजूबाजूला झिरपतं आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडते असा एक अंदाज आहे, म्हणून बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत हा जास्त दिसतो, पण कुठल्याही बाईने काही केलं किंवा केलं नाही म्हणून तो होत नाही. त्यांनी ड्रेसिंगच्या दिवशी नातवाला सांभाळलं तर मोठी मदत होईल.

प्रश्न: डॉक्टर, माझ्या बायकोला हाच आजार आहे, मेथोट्रेक्सेट १० मिलीग्रॅम सुरू आहे. मेडिकलवाल्याने पाकिटावर लिहून दिलं नाही म्हणून आम्ही रोज एक घ्यायची समजलो होतो, दुसऱ्या दिवशी फोन केल्यावर कळलं. आम्हाला दुसरं मूलही हवंय. – नाशिक

उत्तर: दुसऱ्याच दिवशी फोन केलात ते फार महत्त्वाचं. हे औषध आठवड्यातून एकदाच असतं, ठरलेल्या वारी, आणि रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत, त्यामुळे हे सगळ्या वाचकांसाठी लिहितेय. चुकून रोज घेतलं गेलं तर पुढची गोळी न घेता लगेच हॉस्पिटलला जायचं, रक्ताच्या पेशी, किडनी, लिव्हर तपासून घ्यायचं, यावर ल्युकोव्होरिन नावाचं उतारा-औषध आहे, ते लवकर दिलं तरच उपयोग होतो. तोंड सोलवटणं, ताप, अंगावर निळे डाग, श्वास लागणं यातलं काही दिसलं तर रात्री-बेरात्रीसुद्धा निघा. घरातल्या कॅलेंडरवर तो वार लाल पेनाने करा, पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहा, आणि फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या वेगळ्या दिवशी. दोन्ही गोळ्या छोट्या आणि पिवळसर असू शकतात, म्हणून त्या एका डबीत ठेवू नका.

मुलाबद्दल, हे औषध सुरू असताना दिवस राहणं गर्भाला घातक आहे, म्हणून आत्ता पक्कं गर्भनिरोधन हवं आणि औषध बंद केल्यावर साधारण तीन महिने थांबायचं. कधी बंद करायचं ते तिच्या डॉक्टरांबरोबर ठरवा, आजार शांत झाल्यावर चान्स घेतलेला बरा. या आजारानंतर बायकांना मुलं होतात, अंगावर पाजताही येतं, ज्या बाजूला जखमा झाल्या तिथे दूध कमी येऊ शकतं एवढंच.

प्रश्न: मॅडम, आईचं वय ५४, पाळी बंद होऊन चार वर्षं झाली. तीन आठवड्यांपासून उजवी छाती लाल, गरम आणि डावीपेक्षा मोठी दिसतेय, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झालीय, गाठ मात्र हाताला लागत नाही. अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला. शेजारच्या काकूंच्या सुनेला असंच होऊन आपोआप बरं झालं म्हणून आई थांबायचं म्हणतेय. – अहिल्यानगर

उत्तर: थांबू नका. हे उत्तर छापून येईपर्यंतही थांबायला नको, म्हणून तुम्हाला मेल वेगळा केलाय. शेजारच्या सुनेचं वय आणि आईचं वय यातच फरक आला. पाळी गेलेल्या बाईची छाती अशी लाल होऊन सुजणं हे नेहमीच्या इन्फेक्शनमध्ये क्वचित बसतं, आणि संत्र्याच्या सालीसारखी कातडी हे इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सरचं लक्षण असू शकतं. तो स्तनाच्या एकूण कॅन्सरमध्ये १ ते ५ टक्केच असतो पण आठवड्या-आठवड्यात वाढतो, आणि यात गाठ लागेलच असं नाही, कारण पेशी कातडीतल्या लसिका वाहिन्यांत अडकून बसतात, म्हणूनच ती सूज आणि तो लालपणा. गाठ नाही म्हणून निर्धास्त राहणं हीच यातली फसगत.

याच आठवड्यात मॅमोग्राफी, दोन्ही बाजूंची आणि काखेची सोनोग्राफी, सुईची बायोप्सी, आणि लाल कातडीचाही छोटा पंच बायोप्सीचा तुकडा. अँटिबायोटिकचा दुसरा, तिसरा कोर्स करत बसायचं नाही, एका कोर्सने उतरलं नाही की तुकडा तपासायचा हा नियम कुठल्याही वयाला लागू. समजा कॅन्सर निघालाच तर यात आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन, मग रेडिएशन असा क्रम असतो, घाईने आधी ऑपरेशन करून घेऊ नका. परळचं टाटा हॉस्पिटल आहेच, पण तिथली गर्दी आणि राहायची अडचण असेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजमध्ये बायोप्सी तरी लगेच होऊ दे, रिपोर्ट हातात घेऊन पुढे जाता येतं. आणि आईला घाबरवून नका नेऊ, सांगा की तपासायचंय, निदान काय ते अजून कुणालाच कळलेलं नाही, जे खरंच आहे. आईच्या रिपोर्टमध्येही साधी सूजच निघावी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: माझ्या पूच्या कल्चरमध्ये कोरिनेबॅक्टेरियम क्रॉपेनस्टेडटी असं काहीतरी आलंय. डॉक्टर म्हणाले हा कातडीवरचाच जंतू, दुर्लक्ष करा. मग मला बरं का वाटत नाही? – ठाणे

उत्तर: या कुळातले पुष्कळ जंतू कातडीवर राहतात, त्यामुळे लॅब बऱ्याचदा त्यांना बाजूला काढते. पण हा नेमका जंतू वेगळा धरायला हवा. न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसच्या रुग्णांत हा जंतू सापडल्याचं छापलं आणि तेव्हापासून जगभरातून तसे रिपोर्ट येतायत. त्याला चरबी लागते, म्हणून साध्या कल्चरमध्ये तो वाढायला दिवस घेतो, आणि लॅबने दोन दिवसांत प्लेट टाकून दिली की रिपोर्ट कोरा येतो. तुकड्यात तो चरबीच्या पोकळ्यांमध्ये लपलेला दिसतो, भोवती न्यूट्रोफिलचा गराडा. तिथे चरबीत शिरणारं औषध लागतं, डॉक्सिसायक्लिन, क्लॅरिथ्रोमायसिन, को-ट्रायमॉक्सॅझोल असलं काही, तेही आठवडाभर नव्हे तर बरेच आठवडे. नेहमीचं ॲमॉक्सिसिलिन तिथे फारसं पोचत नाही. म्हणून रिपोर्ट घेऊन पुन्हा जा, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठलं औषध या जंतूवर चालतं ती तपासणी, लावली होती का विचारा आणि जमलं तर संसर्गजन्य आजारांच्या तज्ज्ञांना दाखवा. प्रत्येक बाईत हाच जंतू कारण आहे असं नाही, पण सापडलाय तर त्याला सोडू नये.

प्रश्न: बाळ आठ महिन्यांचं आहे, एका बाजूला ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, प्रेडनिसोलोन २० मिलीग्रॅम चालू. सगळे म्हणतात विषारी दूध जाईल, पाजणं बंद कर. बंद केलं की रडते मी आणि बाळ पण. – पुणे

उत्तर: पाज गं बाई. या डोसमध्ये दुधातून बाळाला जाणारं औषध अगदी थोडं असतं, दूध विषारी होत नाही. चांगल्या बाजूने पाज, दुखऱ्या बाजूला फार ठणका किंवा उघडी जखम असेल तर तिथलं दूध हाताने हलकेच काढून टाक, गच्च साठू देऊ नकोस. पुढेमागे डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहिलं तर मात्र आधी सांग की मी पाजतेय, ते आणि पाजणं एकत्र चालत नाही. कोबीची पानं, हळदीचे लेप, गरम पोटीस यातलं काहीही उघड्या जखमेवर नको.

प्रश्न: माझी गाठ पूर्ण बसली, गोळ्या बंद होऊन चार महिने झाले. परत येईल का? पुढे याचाच कॅन्सर होईल का? – कोल्हापूर

उत्तर: परत येऊ शकतो, कधी त्याच बाजूला, कधी दुसऱ्या. पहिली दोन वर्षं जरा जास्त लक्ष ठेवा, दर तीन-चार महिन्यांनी दाखवून या, नवीन गाठ लागली तर लालपणा यायची वाट बघू नका. या आजाराचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होतं असा पुरावा नाही. पण म्हणून चाळिशीनंतरची तपासणी टाळायची नाही, आणि एक फाइल करा, त्यात बायोप्सीचा रिपोर्ट, सोनोग्राफीच्या फिल्म, कुठलं औषध किती दिवस घेतलं ते सगळं ठेवा. जुनी जखम आत व्रण सोडते, तो मॅमोग्राफीत गाठीसारखा दिसू शकतो, आणि समोरच्या नव्या डॉक्टरांकडे तुलनेला जुनी फिल्म असली की पुन्हा सुई टोचायची वेळ बऱ्याचदा टळते.